बाबांच्या दोन रायफली

बाबा वारले त्याला पाच आठवडे झाले असतील, तेवढ्यात उर्सिनाच्या हाती शस्त्र-कचेरीचं पत्र पडलं. बाबांच्या, म्हणजे प्लासी देरुंग्स यांच्या, नावे लष्कराच्या दोन जुन्या रायफली आहेत, दोन्ही ताबडतोब जमा कराव्यात.

तिने दोन्ही काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवल्या. एकीच्या पोलादावर ‘पी’ अक्षर ठोकलेलं होतं. सेवा संपताना लष्कराने ती बाबांना कायमची देऊन टाकल्याची ती खूण. दुसरीवर कसलीच खूण नव्हती. ती लष्कराकडून बाबांच्या नावावर, गावच्या नेमबाजी मंडळातल्या सरावापुरती उसनी मिळालेली, आणि नेमकी तीच उर्सिना सोळाव्या वर्षापासून चालवत आली होती. भिंतीवरची सगळी पदकं त्याच रायफलीने मिळवून दिलेली.

धाकटा भाऊ फ्लुरिन कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवायचा. त्याने दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या.

“ताई, माझ्याकडे ठोकायची अक्षरं आहेत. दोन मिनिटांत हिच्यावरही पी उठवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“आपल्या बापाला कळलं असतं,” उर्सिना म्हणाली. “आणि घाबरायचं कशाला? जी आपली आहे ती मी परत घेऊनच येते, बघ.”

सोमवारी ती दोन्ही रायफली पिशवीत घालून बसने शहरात उतरली. कारकून तरुण होता, बोलायला मऊ. नुसत्या ठशाला काही अर्थ नाही, असे खोटे ठसे आम्ही पुष्कळ पाहतो, असं त्याने सांगितलं. उर्सिनाने बाबांचं सेवापुस्तक उघडून पुढे सरकवलं. १९८२ ची नोंद, रायफलीचा क्रमांक, कॅप्टनची सही. वारसाने कळवायची मुदत सहा महिन्यांची, आणि ती तर आत्ताच कळवायला आली होती. त्याने क्रमांक दोनदा ताडून पाहिला आणि जमा करायच्या यादीतली त्या रायफलीची ओळ खोडली.

मग तिने न मागता दुसरी रायफल त्याच्यासमोर ठेवली.

“ही मात्र तुमची.”

स्वतःच्या नावाने तुम्ही उसनी मागू शकता, पण हीच मिळेल असं नाही, तो म्हणाला. पोचपावतीवर सही करून ती म्हणाली, “हिची गोळी किंचित वर जाते. ज्याला द्याल त्याला सांगा.”

रविवारी मैदानावर ती बाबांची रायफल घेऊन आडवी झाली. पहिल्या पाचही गोळ्या डावीकडे गेल्या. मंडळातली माणसं मुद्दाम डोंगराकडे बघत राहिली. फ्लुरिनने जवळ येऊन विचारलं, नळीवरची नेम धरायची माशी सरकवून देऊ का? “मला येते,” म्हणत तिने स्वतःच ती केसभर हलवली, श्वास सोडला आणि पुढच्या चार गोळ्या काळ्या वर्तुळात बसवल्या. दहावी थेट मधोमध.

तिने आणखी पाच गोळ्या मागून घेतल्या.