बोट वर

आमचे हे स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते. तिथलं स्पूलचं मशीन कपाटाएवढं होतं. बटण दाबल्यावर टेपला वेग घ्यायला पाच सेकंद लागायचे. तेवढा वेळ हे एक बोट वर धरायचे आणि बोट खाली आलं की गायक सुरू करायचा.

ही सवय घरीही आली. मी भांडायला तोंड उघडलं की ह्यांचं बोट वर! पाच सेकंदांत माझा निम्मा राग निवायचा आणि उरलेल्या निम्म्यातले मुद्दे आठवायचे नाहीत.

पुढे घरात कॅसेटचा टेपरेकॉर्डर आला. तो चटकन वेग घ्यायचा, म्हणून बोट दोनच सेकंद वर राहायला लागलं. आमची भांडणं तेव्हापासून लांबली. मग स्टुडिओत कॉम्प्युटर आला. “आता काही फिरतच नाही, थांबता कशाला?” असं नव्या रेकॉर्डिस्टनं ह्यांना तोंडावर ऐकवलं. त्या दिवशी बोट खाली गेलं ते गेलंच.

आता हे निवृत्त आहेत. आज सकाळी चष्मा सापडेना म्हणून माझ्यावर तोंडसुख घ्यायला लागले. मी बोट वर केलं. चाळीस वर्षांची सवय, हे जागच्या जागी गप्प!

बोट खाली यायची वाट बघत हे अजून बसलेत. मी दुसऱ्या हातानं पेपराचं पान उलटलं.