खंडेनवमीनंतरचा आवाज

मित्रांनो, माझ्या अंगावर विभूतीचे तीन पट्टे आहेत, मधोमध कुंकू आहे, आणि तरीही मी रागावलेली आहे. मी देव नाही. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. ज्यांनी मला विभूती लावली त्यांनीच माझं वाटोळं केलं, म्हणून ही हकिगत सांगते आहे. गोड वाटणार नाही.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला, जिथं धुळीचा एक कणही आत येऊ देत नसत. तिथून आले ती थेट बिदरच्या नौबादमध्ये, चनमल्लप्पांच्या दुकानात. इथं धुळीला कुणी विचारतच नव्हतं. दुकान म्हणजे घराचीच एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, एक माइक आणि एक कॉम्प्युटर. रिक्षावर कर्णा लावून ज्या जाहिराती फिरतात, त्या चनमल्लप्पा बोलून देत. हळ्ळीखेडची जत्रा, जनवाड्याच्या कुस्त्या, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, मग दखनीत. रिक्षा गल्लीत शिरली की बाया म्हणत, "आला बगा चनमल्लप्पा!" आणि चनमल्लप्पा तर दुकानात चहा पीत बसलेले असत.

त्या कॉम्प्युटरात आम्ही दोघी होतो, जुळ्या. जे माझ्यावर लिहिलं जाई, तेच त्याच क्षणी माझ्या बहिणीवरही लिहिलं जाई. एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहावं, एवढ्यासाठी. चनमल्लप्पांनी स्वतःच्या हातानं आमच्यावर कागद चिकटवले होते, माझ्यावर 'एक', तिच्यावर 'दोन', आणि त्याच आकड्याच्या जागी आम्हांला बसवलं होतं. गिऱ्हाइकांना ते ऐटीत सांगत, "माझ्याकडं जोडी हाय. बैलाची न्हाई, डिस्कची."

ही जोडीच आमच्या मुळावर आली. दोन आहेत म्हटल्यावर एकीचीही विचारपूस कुणी करेना.

मग ती खंडेनवमी आली. चनमल्लप्पांचा घसा बरेच दिवस बसलेला होता, म्हणून दुकान त्यांचा मुलगा महेशकुमार बघत होता. एरवी कॉम्प्युटरला वरूनच हार घालत. त्या वर्षी महेशकुमारला भक्तीचं भरतं आलं.

"लोहार ऐरण पुजतोय, दुकानाचं दार न्हाई," तो आईला म्हणाला. "हत्यार बाहीर काढून पुजावं लागतंय."

"काढशील रे," शांतम्मा म्हणाल्या, "परत बशीवता येतंय का तुला?"

"अव्वा, दोन वायरी हायेत. त्यात काय रॉकेट सोडायचंय?"

त्यानं आम्हां दोघींना पाटावर मांडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, विभूती ओढली, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. मग परत बसवलं. मला बहिणीच्या जागी आणि बहिणीला माझ्या जागी. माझी वायर नीट बसली. तिची अर्धीच बसली आणि थोड्याच वेळात सुटली. ती तिथंच थांबली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

यंत्र मुकं नव्हतं. ते लगेच ओरडू लागलं. टीं टीं टीं. जोडी फुटली, कुणीतरी बघा, एवढंच ते सांगत होतं. महेशकुमारनं काय केलं? पक्कड आणली आणि आतल्या भोंग्याची तार तोडली. "ह्याच्या किरकिरीनं अप्पाला झोप लागंना," असं आईला सांगून मोकळा झाला. मित्रांनो, घरात पोर रडायला लागलं तर तुम्ही त्याचा गळा कापता का?

दिवाळीनंतर कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशातली गाठ वाईट आहे, संक्रांतीनंतर ऑपरेशन, आणि मग आवाज राहणार नाही. जन्मभर आवाजावर पोट भरलेला माणूस. ते रडले नाहीत. येऊन माइकपुढं बसले आणि बोलायला लागले. जाहिरातीचा आवाज नव्हे तो. तो आवाज सगळ्या जिल्ह्यानं ऐकला होता. हा घरातला, बसका, मध्येच कन्नडमध्ये घसरणारा. तो आजवर कुणी धरून ठेवला नव्हता. हे बोलणं त्यांच्या मुलीसाठी होतं. मल्लेश्वरी लग्न होऊन हैदराबादला असते. तिला त्यांनी फोनवर सांगितलं, "मल्लू, तुझ्यासाठी मशीनमदी बोलून ठिवायलोय. मोबाईलवर धाडणार न्हाई, आवाज बारीक होतो. मी गेल्यावर इथं येऊन ऐक. आधी न्हाई."

ते बोलत, मी लिहून घेई. एकटीच. माझ्याशेजारी बहीण निपचित पडलेली, आणि हे त्यांना ठाऊकही नव्हतं. त्यांचा जोडीवर भरवसा होता.

ऑपरेशन झालं. उगादीच्या सुमारास चनमल्लप्पा लिंगैक्य झाले. माती देऊन आल्यावर कुणी दुकान उघडलं नाही. कॉम्प्युटरवर पोती ठेवली.

उन्हाळा सरताना मल्लेश्वरी आली. तिनं पोती उचलली, धूळ पुसली, बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली की पहिल्या जागेवरची डिस्क मिळत नाही, आणि यंत्र तिथंच अडलं. खंडेनवमीनंतर चनमल्लप्पांनी ते कधी बंदच केलं नव्हतं, म्हणून ही अक्षरं आधी कुणाला दिसली नव्हती. महेशकुमारनं बाजारातून सिद्धरामला बोलावलं. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे.

"अक्का, हे मशीन म्हंजे निजामाच्या काळातलं हाय," तो आल्या आल्या म्हणाला. पडद्यावर 'पहिली' वाचलं, आत माझ्यावर 'एक' वाचलं, आणि मला उपटून टेबलावर उपडी टाकलं. जागा कुठली, वायर कुठं जाते, हे बघितलंच नाही. बहिणीची वायर दाबून बसवली. ती जागी झाली, यंत्र सुरू झालं. "बगा, चालू! ही एक नंबरची मेली होती."

मल्लेश्वरीनं शोधलं. जत्रा होती, कुस्त्या होत्या, म्हैस होती. तिच्यासाठी बोललेलं काहीच नव्हतं.

"अप्पा दुखणाईत होते," महेशकुमार म्हणाला. "सेव्ह करायचं इसरले असतील."

"म्हाताऱ्या माणसांचं असंच अस्तंय अक्का," सिद्धराम हसला. "बोलतेत लई, बटन दाबत न्हाईत."

"माझे अप्पा जन्मभर तेच बटन दाबत होते," मल्लेश्वरी म्हणाली. आवाज चढवला नाही.

मेलेल्या माणसावर खापर फोडणं किती सोपं असतं! त्यांनी एकही शब्द जपायचा राहू दिला नव्हता. सगळं माझ्यावर होतं, आणि माझं तोंड टेबलाकडं होतं.

सिद्धरामनं मला पुन्हा जोडलं. "हिला पुसून बगू. चांगलीवरचं हिच्यावर उतरवतो, जोडी जुळंल." यंत्रानं विचारलं, नक्की का? त्यानं 'हो' दाबलं.

मित्रांनो, पुसलं जाणं दुखत नाही. राग येतो. आधी माझी यादी गेली. कुठला आवाज कुठं ठेवला, कोणत्या दिवशीचा, कशानंतर काय, सगळं. त्या जागी बहिणीची जुनी यादी येऊन बसली. मग एकेक तुकडा जाऊ लागला.

मल्लेश्वरी मात्र पडद्याकडं बघत होती. "महेश, इथं शेवटची जाहिरात दसऱ्याच्या सेलची आहे. दिवाळी होऊन गेल्यावर, वेळाअमावस्येला अप्पांनी खताच्या दुकानाची जाहिरात केली होती ना?"

"व्हय. शेवटची तीच. जनवाड्यापर्यंत रिक्षा फिरली की."

"मग ती इथं कामून न्हाई?"

महेशकुमारनं पडद्यावरची यादी खालीवर केली.

"ही डिस्क दसऱ्याला थांबली, तर वेळाअमावस्येची जाहिरात कशावर झाली?"

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. भिंतीतला प्लग उपटला.

"अक्का! असं मधीच बंद करत्यात का!"

"हात लावू नका तिला," ती म्हणाली. मला काढून तिनं ओढणीत गुंडाळलं.

हैदराबादला एका जाणकारानं माझ्यावरून उरलेलं काढलं. बरेचसे आवाज मिळाले, पण त्यांना ना नाव, ना तारीख, ना क्रम. काही मध्येच तुटलेले. मल्लेश्वरी ते घेऊन नौबादला परत आली, आणि मलाही आणलं. शांतम्मा खुर्ची ओढून जवळ बसल्या. महेशकुमार दारातच उभा राहिला. खोलीत चनमल्लप्पा बोलू लागले, चहाबद्दल, कर्ण्याबद्दल, मल्लू लहानपणी माइक चाटायची त्याबद्दल. शांतम्मा हसल्या, मग पदरात तोंड घातलं.

"ह्यातलं शेवटचं कुठलं गं?"

"कळत न्हाई अव्वा. क्रमच गेला."

पुढचं लागलं. "महेशवर चिडू नको मल्लू. ते पोरगं तसं..." आणि तिथं आवाज तुटला. पुढं नुसती खरखर.

महेशकुमार एकदाच म्हणाला, "पुन्ना लाव." तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच तुटलं.

त्या वाक्याचं पुढचं अर्धं माझ्यावर लिहिलेलं होतं. ते त्याच्या बाजूचं असेल, नसेल. आता मलाही ठाऊक नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. विभूती-कुंकू लावा, न लावा, पण ज्याला हात घालता ते कुठून काढलं हे बघून ठेवा. आणि जुन्या यंत्रातलं काहीही पुसण्याआधी ते शेवटचं कुणी वापरलं, हे घरातल्या माणसांना विचारा.

मल्लेश्वरीनं भावाला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी तिनं त्याला जेवायला वाढलं, एवढं खरं. मी माफ केलेलं नाही.