आठशे साठच्या आसपास

…शेवटचा आकडा काही केल्या ठरत नव्हता. आठशे अठ्ठावन्न, त्रेसष्ट, साठ, पुन्हा अठ्ठावन्न — पॅनेलवरचे तापमानाचे लाल आकडे थरथरत होते, दर थरथरीला आतला हीटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर खटखट वाजत होता, आणि नृसिंहचा उजवा हात खिशात… तसाच थरथरत. कुणी पाहिलं तर नाही?

शिरोलीच्या शेडमधल्या या भट्टीचं पॅनेल त्यानंच दोन वर्षांपूर्वी बसवलेलं. आज एवढं सुरळीत करायचं आणि संध्याकाळी मालकांना सांगून टाकायचं, की आता हातानं काम होत नाही. वाक्य घोकून ठेवलं होतं.

“दादा, भट्टी गप हाय की,” भट्टी चालवणारी बयाबाई म्हणाली. आतल्या लालीवरून तिला ताप कळायचा. “रंग जरा बी हललेला न्हाय. तुमचा डबाच नाचालाय. दृष्ट काढू का त्याची?”

त्यानं हीटर बंद केला. आकडा तिथल्या तिथं शांत झाला आणि मग सावकाश उतरू लागला. म्हणजे… सेन्सरची तार हीटरच्या जाड केबलीबरोबर एकाच पाइपातून गेलेली, नीटनेटकं दिसावं म्हणून गेल्या दुरुस्तीत मीच नेलेली. केबलीतला विजेचा गोंगाट तारेत उतरत होता आणि कंट्रोलर बिचारा तो खरा मानून प्रत्येक कापऱ्यामागं धावत होता. आणि मी? हात कापू लागला की पेला खाली, हात कापू लागला की पंगतीतून उठायचं, देवळात कीर्तनाला टाळ दुसऱ्याच्या हाती… कीर्तनकार बुवांचा आवाज उतारवयात किती कापायचा, निरूपणात शब्द अडखळायचे, पण अभंग उचलला की सूर जागेवर — कापत कापत जागेवर. त्या कापऱ्यापायी कुणी उठून गेलं होतं का? सगळं देऊळ तर आणखी पुढं सरकून बसायचं.

नवी तार केबलीपासून लांबून ओढली. स्क्रू आवळायला हात बाहेर काढावाच लागला.

बयाबाईनं पाहिलं. “कधीपासनं?”

“सहा महिने.”

“मग तार मी धरते, तुम्ही पिळा. गाडी चुकालीया काय आपली?”

हीटर पुन्हा चालू झाला. आकड्याची थरथर गाळणारा फिल्टर भरपूर लावायचा मोह झाला. आकडा दगडासारखा दिसला असता, पण मग भट्टी खरोखर तापली तरी उशिरा कळलं असतं. थोडाच लावला. बारीकसारीक बदलावर उसळणारी सेटिंग कमी केली. आकडा अजून एखादा अंश हलत होता. हलू दे. कॉन्टॅक्टर निवांत झाला होता.

“नृसिंहराव, काही बोलायचं होतं म्हणालात?” विजयसिंह मालक दारात उभे होते.

“व्हय, बोलायचंय.” घोकलेलं वाक्य शब्दन्‌शब्द ओठांवर होतं, आणि ते नको होतं. दुसरं हवं होतं, हात न लपवणारं आणि कामही न सोडणारं… ते अजून सापडत नव्हतं. तो शोधत राहिला. आणि नवल म्हणजे, मालक वाट बघत उभे असताना त्याला घाई वाटत नव्हती.