मत नाही, मनात हो

वॉशिंग्टनच्या सभागृहात एक जुनी युक्ती आहे. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण नव्या सभासदाला पहिल्याच हिवाळ्यात कळते. मत नाही, मनात हो. खर्चाचं जाडजूड विधेयक आलं की आपण विरोधात मत टाकायचं, गावाकडे छाती काढून सांगायचं की उधळपट्टीला मी हातभार लावला नाही, आणि मनातल्या मनात देवाची करुणा भाकायची की बाकीच्यांनी ते मंजूर करून टाकावं. पैसा काय, सगळ्यांनाच हवा असतो. डेल्मर हॅकवर्थ कित्येक वर्षं हे करत आला होता आणि एकदाही ते त्याच्या अंगाशी आलं नव्हतं.

या खेपेच्या विधेयकात मात्र त्याचं स्वतःचं खोरं होतं. केंटकीच्या डोंगरात जुलैमध्ये नदी चढली आणि त्याचं गाव धुऊन घेऊन गेली. त्याची थोरली बहीण लोरेन आणि तिचा नवरा एस्टिल तेव्हापासून चर्चच्या आवारात एका कॅम्पर-गाडीत राहत होते. ती गाडी उन्हाळ्यात मासे धरायला जाणाऱ्यांसाठी असते, थंडी काढायला नव्हे, आणि आता डिसेंबर लागला होता. नव्या घरांसाठीची मदत वर्षभराच्या खर्चाच्या विधेयकाला जोडून टाकली होती. एक पडलं की दुसरंही पडणार, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं.

सकाळी लोरेनचा फोन आला.

"आज आहे ना रे तुमचं ते?"

"दुपारी आहे. तू काळजी करू नकोस, मंजूर होतंय."

"ते नाही विचारलं मी. तू काय करणार आहेस?"

"लोरेन, मंजूर होतंय म्हटलं ना!"

"लहानपणी आई विचारायची, भांडी घासलीस का, तर तू म्हणायचास, भांडी स्वच्छ आहेत." ती हसली. "घासलेली असायची मी."

डेल्मरही हसला. मग ती हळूच म्हणाली, "एस्टिलच्या छातीत खाणीची धूळ आहे, डेल्मर. या डब्यात त्याचा हिवाळा निघत नाही. एवढं लक्षात ठेव."

लक्षात होतंच. पण दुसरीही एक गोष्ट लक्षात होती. वसंतात उमेदवारी ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक होती आणि त्याच्याच पक्षाचा एक ट्रॅक्टर विकणारा गडी त्याच्या एका चुकीची वाट बघत टपून बसला होता. असल्या विधेयकाला होकार म्हणजे त्या गड्याच्या हातात आयतं कोलीत.

सभागृहाच्या दाराशी पक्षाचा प्रतोद हार्लन ग्रब्स भेटला. पुढाऱ्यांना विधेयक हवंच होतं. मतं गोळा करायचं काम हार्लनचं.

"खुशाल विरोधात जा," हार्लन म्हणाला. "अडचणीतल्या चारसहा जणांना सूट दिलीय, त्यात तू आहेस. आपल्याकडे माणसं पुरून उरतायत."

"नक्की ना?"

"अरे, मी काय आज मोजायला शिकलोय?"

डेल्मरने आपलं कार्ड यंत्रात घातलं आणि विरोधाचं बटण दाबलं. भिंतीवरच्या फलकावर त्याच्या नावासमोर लाल दिवा लागला. मग तो मागच्या बाकावर बसून हिरवे दिवे बघू लागला. आधी भराभर लागले, मग रेंगाळले. लाल मात्र थांबेनात. लुइझियानाच्या किनाऱ्यावरचा रेमी थिबोडो, ज्याची अर्धी वस्ती वादळाने समुद्रात लोटली होती, तोही लाल. हार्लनने सूट दिली चारसहांना, आणि घेतली कितीतरी जास्त जणांनी, न विचारता. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच शहाणे.

वेळ संपली तेव्हा विधेयक दोन मतांनी मागे होतं. दोघांनी मत फिरवलं की काम झालं. एकाने फिरवून भागणार नव्हतं. समसमान मतं म्हणजे विधेयक पडलंच.

अध्यक्षांचा हातोडा पडेपर्यंत मत बदलता येतं, पण त्यासाठी सगळ्यांदेखत खाली अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या चौकात उतरावं लागतं, टेबलावरचं हिरवं कार्ड उचलून, सही करून कारकुनाच्या हाती द्यावं लागतं. डेल्मर उठला. खाली उतरला. हिरवं कार्ड उचललं, सही केली आणि मागे वळून थिबोडोकडे पाहिलं.

थिबोडो अर्धवट उठला होता. बाकाची पाठ धरून तसाच वाकून उभा. तो डेल्मरच्या हाताकडे बघत होता. डेल्मरने ते कार्ड एकदा दिलं, की तो येणार होता. आणि डेल्मर वाट बघत होता, की तो आधी एक पाऊल टाकतोय का. एकट्यानेच फसलो तर? विधेयकही जाईल आणि जागाही जाईल. कारकूनबाईंनी हात पुढे केला होता.

"सभासद महोदय?" त्या म्हणाल्या.

"एक मिनिट," डेल्मर म्हणाला.

थिबोडो खाली बसला. डेल्मरने कार्डाची घडी केली आणि कोटाच्या खिशात टाकली. मग हातोडा पडला.

बाहेर हार्लनचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्याने डेल्मरच्या पाठीवर थाप मारली. "तू तरी वाचलास," तो म्हणाला. डेल्मरच्या कचेरीत कामाला असलेल्या पोरांनी पत्रक तयार ठेवलं होतं, "पूरग्रस्तांना मदत मिळाल्याबद्दल हॅकवर्थ यांना आनंद." विधेयक पडलं तर काय छापायचं, याचा विचारच कुणी केला नव्हता. डेल्मरने दार लावून घेतलं आणि स्वतःच फोन लावला. तो केला नसता तर बरं, असं त्याला वाटत होतं, पण तेवढी लाज अजून शिल्लक होती.

"चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता," लोरेन म्हणाली. "सगळे बसलो होतो."

"लोरेन, मला वाटलं होतं की—"

"तू खाली उतरलास ना, तेव्हा मी लगेच ओळखलं. तुझी चाल मला कळत नाही होय? मी ओरडले, तो बघा माझा भाऊ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या रे. एस्टिल उठून उभा राहिला. कुणाचा हात न धरता."

डेल्मरने खिशातलं घडी केलेलं कार्ड चाचपलं.

"तेवढं करायला नको होतंस," लोरेन म्हणाली. "बसून राहिला असतास, तर आम्ही म्हटलं असतं, दुसऱ्यांनी बुडवलं."