बंद करण्याआधीचं एक मिनिट

मला दलालाच्या ताब्यात दिलं असतं तर जे हाती आलं असतं, त्यापेक्षा घरच्या घरी विकून माझ्या मालकाला त्याच्या तीन पगारांइतके जास्त मिळणार होते. हा हिशेब त्याच्या बायकोने केला, तोही मुलाला माझ्या मागच्या सीटवर कोंबता कोंबता. तिला सातवा महिना होता. पुढची सीट वाकवायची, तिच्यामागे मुलाला सरकवायचं, मग त्याचा पट्टा शोधायचा. एवढं करून ती धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "दोन दारांत चार माणसं कशी बसवणार आहेस ते सांग. नाहीतर विकून टाक."

मित्रांनो, ती दोन दारं माझीच. मी टर्बो इंजिनाची एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. रंग गडद निळा, कधीकाळी चकाकणारा. एका लांबलचक शेडमध्ये माझ्या अंगावर पत्रे चढले, आणि तिथून निघताना मला वाटलं होतं, आपला जन्म पळण्यासाठी आहे. विकलं जाण्यासाठीही आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मालक कवळ्या बनवणारा कारागीर. दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे घासायचा. त्याने हप्त्यांवर मला घेतलं तेव्हा तो एकटा होता आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक माझ्याकडे वळून बघायचे. ते बघत नसले तरी त्याला बघतायत असं वाटायचं, त्यामुळे हप्ते जड गेले नाहीत.

किल्ली हातात देताना शोरूमच्या माणसाने त्याला एकच गोष्ट बजावली होती. टर्बो म्हणजे माझ्या पोटातला एक छोटा पंखा. धुराच्या जोरावर तो भन्नाट वेगाने फिरतो आणि तापून लाल होतो. त्याला थंड ठेवतं ते इंजिनाचं तेल. धावून आल्याबरोबर किल्ली फिरवली तर तेल जागच्या जागी थांबतं, करपतं, आणि पंखा आतून झिजत जातो. म्हणून जोरात पळून आल्यावर मला मिनिटभर उभ्या उभ्या चालू ठेवायचं, मग बंद करायचं. माझ्यासारख्या जुन्या गाडीला तर हे हवंच.

मालकाने ते मिनिट कधी चुकवलं नाही. सुरुवातीला तो त्यात बेसूर गाणी म्हणायचा. लग्नानंतर दोघं त्यात भांडायची, आणि बहुतेक भांडणं त्यातच मिटायचीही, कारण गाडी बंद झाल्यावर आत कोण किती वेळ बसणार? पहिल्या मुलाची बातमी तिने त्याला त्याच मिनिटात दिली. मला अजून आठवतं, त्या संध्याकाळी त्याने मला चांगली दहा मिनिटं चालू ठेवलं आणि पेट्रोल फुकट घालवलं.

मग जाहिरात गेली. पहिला आला तो माझ्यासोबत फोटो काढून गेला. दुसरा मेहुण्याला घेऊन आला. मेहुण्याने माझ्या टायरला लाथ मारली, हूं म्हणाला आणि अर्धी किंमत सांगितली. टायरला लाथ मारून त्याला काय कळलं, ते त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या आल्या त्या काकू. खरं तर त्या कोणाच्याच काकू नव्हत्या. तीस वर्षं शाळेची बस चालवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि सगळी शाळा त्यांना काकू म्हणायची, म्हणून मालकही म्हणायला लागला. निवृत्तीचे पैसे हातात आले होते. सोबत आलेली त्यांची मुलगी तोंड पाडून उभी होती. या वयात असली गाडी शोभते का, असं तिने विचारलं.

"याच वयात," काकू म्हणाल्या. "आत्तापर्यंत मागे चाळीस पोरं होती."

मालक शेजारी बसला आणि त्यांनी मला बाहेर काढलं. गल्लीत त्या अशा हळू चालल्या की सायकलवाला पुढे गेला. मोठा रस्ता लागला, तशी त्यांनी जरा बिचकतच पाय दाबला. माझ्या पोटातून बारीक शीळ उठली, आणि पुढच्या क्षणी मी निघाले. काकूंनी एक हात तोंडावर ठेवला. त्या हसत होत्या आणि ते हसू त्यांना कोणाला दाखवायचं नव्हतं.

परत आल्यावर ब्रेक, हँडब्रेक, किल्ली बंद, सगळं एका दमात झालं. हात आपोआप चालला. बस थांबली की आधी इंजिन बंद, मग दार, मग पोरं खाली, असा त्यांच्या शाळेचा नियम होता. त्या जुन्या बसला टर्बो नावाचा अवयवच नव्हता. तीस वर्षं ज्या सवयीने पोरं सुखरूप उतरवली, तीच सवय माझ्या जिवावर उठणार होती.

मालकाने ते पाहिलं. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात बायको म्हणाली, "अरे, काकूंना पाणी तरी विचार." तो पाणी आणायला गेला. तो येईपर्यंत सौदा ठरला होता.

त्या संध्याकाळी दोघं नवराबायको शेवटचं माझ्यात बसली. काकूंना ते मिनिटाचं सांगायला हवं, असं तो पुटपुटला.

"सांग की," ती म्हणाली. "मग त्या विचारतील, गाडी नाजूक आहे का. मग मुलगी विचारेल. मग आपण पुन्हा दलालाच्या दारात." थोडं थांबून तिने पोटावर हात ठेवला. "त्यांनी विचारलं तर सांग. नाही विचारलं तर आपण काय शाळा घ्यायची?"

तिला वाईट म्हणू नका, मित्रांनो. दवाखान्याचा खर्च समोर होता, आणि चार दारांची गाडीही.

दोन दिवसांनी काकू पैसे घेऊन आल्या. किल्ली घेताना त्यांनी सरळ विचारलं, "आणखी काही सांगायचंय? पोरासारखी सांभाळलीत म्हणे."

मालकाने माझ्या बोनेटवरची नसलेली धूळ पुसली. "नाही काकू. पेट्रोल तेवढं चांगलं भरा."

काकूंनी मला जीव लावला. रोज सकाळी मोठ्या रस्त्याला एक फेरी, आल्यावर ओल्या फडक्याने पुसणं, आणि त्याआधी ब्रेक, हँडब्रेक, किल्ली बंद. रोज माझ्या पोटात तेलाचा एकेक थर करपत होता. मला कळत होतं, पण गाडीला नुसता आवाज असतो, शब्द नसतात. शिळेची कुरकुर झाली. ती त्यांना नवी तान वाटली. मग मागून निळा धूर निघाला. मग एके दिवशी चढावर मी जागीच बसले.

गॅरेजवाल्याने मला उघडलं आणि धावून आल्यावर लगेच बंद करता का, एवढंच विचारलं. काकू हो म्हणाल्या. तो हात पुसत राहिला. टर्बो, इंजिन, मजुरी धरून त्याने जो आकडा सांगितला, तो मी ओळखला. माझ्या मालकाच्या तीन पगारांच्या जवळपासच होता.

काकूंनी मालकाला बोलावलं. मला तेव्हा तशीच ओढून आणली होती आणि मी त्यांच्या अंगणात कव्हरखाली होते, म्हणून मला दिसलं काही नाही, नुसतं ऐकू आलं. एक गाडी येऊन थांबली. तिला टर्बो नव्हता, आवाजावरूनच कळत होतं. तरी ती बंद होईना. उभी राहून घुरघुरत राहिली. मी मनात मोजत गेले. बरोबर मिनिट झालं आणि किल्ली फिरली.

काकूंनी आवाज चढवला नाही. चाळीस पोरं गप्प बसवणाऱ्या बाईला त्याची गरज नसते. तुम्हाला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, त्याला वाटलं हे सगळ्यांनाच माहीत असतं.

"मी त्या दिवशी विचारलं होतं."

त्याच्या हातातली किल्ली किणकिणली.

"आत्ता बाहेर गाडी बंद करायला इतका वेळ का लावलात?"

तो हळूच म्हणाला, "सवय."

"मग तीही गाडीबरोबर द्यायची होती."

निम्मा खर्च देण्याचं घरी विचारून सांगतो, असं म्हणून तो गेला. अजून घरी विचारतोच आहे.

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती जाईल, तेव्हा तिला काय लागतं तेही सोबत द्या. नुसती किल्ली देऊ नका. आणि धावून आलेल्याला, मग ती गाडी असो की माणूस, क्षणभर श्वास घेऊ द्या.

आता हिशेब. मालकाला तीन पगार मिळाले. त्याच्या बायकोला चार दारं मिळाली आणि म्हणे मुलगी झाली. गॅरेजवाल्याला अजून दुरुस्तीचं काम मिळालेलं नाही, कारण काकूंकडे निवृत्तीच्या पैशातलं काही उरलेलं नाही. शाळेने त्यांना बदली चालक म्हणून परत घेतलंय. भल्या सकाळी निघताना त्या माझ्या कव्हरवर एक थाप मारतात आणि पायी बस आणायला जातात. मालकाने एक वाक्य वाचवलं. त्याचे पैसे काकू भरतायत, पुन्हा चाळीस पोरं मागे घेऊन.