चंद्राचं धुकं आणि आईच्या उशाचा फोन
आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा लेक प्रयोगशाळेत होती. स्टीलच्या भांड्यात नायट्रोजन आणि मिथेन भरायचे, ते कडाक्याचे गार करायचे, त्यात विजेच्या ठिणग्या सोडायच्या आणि एका दूरच्या चंद्रावरचं नारिंगी धुकं इथे बनवायचं, हे तिचं काम.

तिघं मिळून हे संशोधन करत होते. परदेशातल्या एका मैत्रिणीला दुर्बिणीतून त्या चंद्राच्या प्रकाशात एका अनोळखी रेणूची पुसट खूण दिसली होती. तिला सगळे दुर्बिणवालीच म्हणत. तो रेणू तिथे कसा तयार होत असेल, हे तिघांतल्या तिसऱ्याने, गणितवाल्याने, संगणकावर मांडलं होतं. आता तोच रेणू भांड्यात घडला, तर खूण पक्की होणार होती.

आईचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. हॉस्पिटलमधून तिने दोघांना कळवलं, "मला वगळा. दुसरी प्रयोगशाळा बघा. माझ्यापायी काम अडायला नको."

दुर्बिणवालीचा लगेच फोन. "वगळा काय वगळा! तू आईकडे बघ. आम्ही मेलो नाही अजून."

आणि पुढच्या आठवड्यात गणितवाला बॅग घेऊन दारात हजर. "ताई, भांडं मी चालवतो. तू फोनवरून सांगत राहा."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. या माणसाने जन्मात पाना हातात धरला नव्हता. त्याच्या सोबतीला तिने प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ दिला, आणि रोज दुपारी आईच्या उशाशी फोन उभा करून शिकवणी सुरू झाली. आई पडल्या पडल्या टक लावून बघायची.

एकदा तंत्रज्ञ जरा बाहेर गेला होता. भांड्यातला दाब चढू लागला.

"व्हॉल्व्ह बंद कर रे!"

"करतोच आहे की!"

तेवढ्यात उशीवरून अडखळत आवाज आला, "अरे... उलटं... फिरवतोय..."

गणितवाल्याचा हात व्हॉल्व्हवरच थांबला.

"ताई, काकू बोलल्या?"

"बोलली रे बोलली!" तिला रडू आवरेना. "आधी तो व्हॉल्व्ह फिरव मेल्या, मग विचार!"

भांड्यात साचलेला धुक्याचा पहिला थर दुर्बिणवालीच्या खुणेशी जुळला नाही. तिघांचेही चेहरे पडले. मग गणितवाल्याने भांडं आणखी गार करून पाहिलं, आणि या खेपेला थराचा आणि दुर्बिणीचा आलेख असे एकावर एक बसले की दुर्बिणवाली पडद्यावरच टाळ्या पिटू लागली.

आई काठी टेकत चालायला लागली, तशी लेक कामावर परतली. शोधनिबंध लिहून झाला. शेवटी आभाराची जागा होती. तिथे तिने तंत्रज्ञाचे आभार मानले. त्या दोघांचे कसे मानणार? ते तर निबंधाचे लेखकच.

सुट्टीत दोघंही आईला भेटायला आले. काय काय बोलायचं ते तिने चार दिवस मनात घोळवलं होतं. दार उघडलं, दोघांना समोर पाहिलं, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "या. आत या ना."