न दिसणारं घड्याळ

घड्याळजींचा हात म्हणजे देवाघरचं देणं, असं गिऱ्हाइकं म्हणायची. फक्त तो हात सकाळी अकराच्या आत कुणी पाहिला नव्हता. त्याआधी घड्याळजी मागच्या खोलीत ‘डोळे निववायला’ जायचे. परतले की केसाहून बारीक कमान चिमट्यात अशी धरायचे, की बघणाऱ्याने श्वास रोखावा.

काउंटरवर बसणाऱ्या बायकोला त्या निववण्याचा वास यायचा. पण वीस वर्षांत माणूस कधी झिंगला नाही, बरळला नाही. याला दारुडा म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? उलट सकाळी आलेल्याला ‘दुपारनंतर या’ म्हणून तीच वाटेला लावायची.

पुढे पुढे जेवण सुटलं, उलट्या सुरू झाल्या. तेव्हा मात्र तिने एक घाव दोन तुकडे केले. सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, घड्याळजींना घरात कोंडलं. चार दिवस तडफडतील, मग येतील ताळ्यावर, असा तिचा हिशेब.

तिसऱ्या दुपारी ती चहा घेऊन आत गेली. टेबल रिकामं होतं आणि घड्याळजी काम करत होते. डोळ्याला नसलेलं भिंग, हातात नसलेला चिमटा. हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता, पण एक पायरी चुकत नव्हती. झाकण उघडलं. स्क्रू एकेक काढून ओळीने मांडले. चाक उचललं, फुंकर मारली.

“जरा सरक,” ते म्हणाले, “उजेड अडतोय.”

आणि ती सरकली. इतकं ते घड्याळ खरं होतं. मग रिकामं टेबल पाहून ती रिक्षा बोलवायला धावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी सुई टोचली, सलाईन लावलं आणि मग तिला बाजूला घेतलं. “सकाळी हात स्थिर करायला ज्याला दारू लागते, त्याचं शरीर तिच्यावरच चालत असतं. ती एकदम तोडली तर जीवही जातो. सोडवायची ती औषधं देऊन, आमच्या डोळ्यांसमोर. झिंगत नाही म्हणजे आजार नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

कुणीच नाही. तिचं तिनेच ठरवलं होतं.

पाचव्या दिवशी ते शुद्धीवर आले. रोज किती घेता, असं बाईंनी विचारलं. ‘थोडीशीच’ हे तिच्या अगदी ओठांवर होतं.

“उठल्या उठल्या पाव बाटली,” घड्याळजीच म्हणाले. “दिवसभरात पूर्ण. तिच्याशिवाय मला सुई दिसते, धरता येत नाही.”

इतकं खरं त्यांच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

आणखी आठवड्याने सकाळी सातला ती वॉर्डात पोचली, तर ते सदऱ्याची बटणं लावत होते. पोटात औषधाच्या गोळीशिवाय काही नव्हतं. एक बटण, दुसरं, मग मनगटावरचं, तेही एका हाताने. बोटं किंचित थरथरली, थांबली, आणि काज सापडलं. ती दारातच खिळली. पुढे व्हायचं भान राहिलं नाही.

“अगं, बघतेस काय अशी?” ते म्हणाले. “बटणच आहे.”